आठवा चेंबर जोडायला कोड कशाला उघडायचा? कॉन्फिग फाईलमधून सर्व्हिस कशा उभ्या राहतात ते सोप्या भाषेत

रावेरकडे एका केळी पिकवणाऱ्या चेंबरवाल्यांकडे मागच्या हंगामात गेलो होतो. सात चेंबर, प्रत्येकाला टेम्परेचर कंट्रोलर, आणि ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर सातही चेंबरचं तापमान दिसलं पाहिजे आणि काही बिघडलं तर अलार्म वाजला पाहिजे एवढंच काम. सॉफ्टवेअर आधी कोणीतरी करून दिलेलं होतं. उघडून बघितलं तर चेंबर १, चेंबर २, चेंबर ३ असे सात फोल्डर, सातहीमध्ये तोच प्रोग्राम, फक्त आत कुठेतरी एक आकडा बदललेला. अलार्मची दुरुस्ती पाच फोल्डरमध्ये झालेली, दोनमध्ये राहून गेलेली. त्या दोनपैकी एका चेंबरचं तापमान रात्री १३ अंशांच्या खाली गेलं, अलार्म वाजलाच नाही, आणि ज्याने केळीचा धंदा केलाय त्याला माहितीये की १३ च्या खाली सालीला थंडी लागते, ती काळपट पडते, मग तो माल पिवळाधमक होत नाही कितीही गॅस द्या. माल फेकावा लागला नाही पण भाव पडला.

मालक अमळनेरकडचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते चिडले नाहीत, फक्त म्हटले, "एकच काम सात येळा कशाले करतस भो?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरच्या जगात त्याचं उत्तर पंचवीस वर्षांपासून तयार आहे. पण जळगाव धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येतात ना, त्यांना "कॉन्फिगरेशनमधून सर्व्हिसचे अनेक इन्स्टन्स" असं वाक्य पुस्तकात दिसलं की ती तिथेच अडकतात. म्हणून हे लिहितोय, आणि ज्याला कोडिंग येत नाही त्यालाही समजेल असा प्रयत्न करतो.

आधी चार शब्द

मॉड्यूल म्हणजे सॉफ्टवेअरचा असा तुकडा जो एक काम करतो आणि वेगळा काढून बदलता येतो. विहिरीवरचा स्टार्टर बघा, जळाला तर तेवढा काढून दुसरा लावतो, त्यासाठी मोटर वर ओढत नाही.

सर्व्हिस म्हणजे ते मॉड्यूल चालू झाल्यावर बाकीच्यांना जे काम करून देतं ते. "मी या चेंबरचं तापमान सांगतो" ही एक सर्व्हिस झाली.

इन्स्टन्स हा शब्द पोरांना सगळ्यात जास्त छळतो. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं आणतो ना आपण, रोप एकाच लॅबचं, जात एकच, सगळी एकसारखी. पण शेतात लावल्यावर प्रत्येक झाडाची जागा वेगळी, त्याचा ड्रीपर वेगळा, त्याचा घड वेगळा, एकाला करपा आला म्हणून दुसऱ्याचं पान वाळत नाही त्याच क्षणी. जात म्हणजे कोड, आणि जमिनीत उभं असलेलं एकेक झाड म्हणजे इन्स्टन्स.

आणि कॉन्फिग म्हणजे कोडच्या बाहेर ठेवलेली माहिती, बहुतेक वेळा साधी टेक्स्ट फाईल, जी प्रोग्राम वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो.

एवढे चार शब्द पुरेत, पुढे लागेल तसं बघू.

"किती" हे कोणी ठरवायचं

१९७२ मध्ये डेव्हिड पार्नस नावाच्या शास्त्रज्ञाने एक पेपर लिहिला, प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावर. तोपर्यंत लोक आधी हे काम मग ते काम अशा क्रमाने तुकडे पाडायचे. पार्नसचं म्हणणं असं की जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते आधी शोधा आणि असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवा, म्हणजे निर्णय बदलला की तेवढंच एक मॉड्यूल बदलेल.

आता आप्पांच्या चेंबरकडे बघा. काय बदलणार आहे? कंट्रोलरशी बोलायची पद्धत फारशी बदलणार नाही. बदलणार काय तर चेंबर किती, कोणत्याचं तापमान किती ठेवायचं, अलार्म किती अंशाला वाजवायचा. हे ठरवणारा माणूस चेंबरवर उभा आहे, माल कसा आलाय, पुढच्या मार्केटला कधी पाठवायचाय हे त्याला माहिती, मला जळगावात बसून माहिती नाही. तरी हे आकडे माझ्या कोडमध्ये कोंबलेले असतील तर प्रत्येक वेळी त्याला मला फोन करावा लागणार आणि मी उचलेपर्यंत केळी थांबत नाही. कॉपी पेस्टमध्ये दुरुस्ती राहून जाते हा एक तोटा झालाच, पण माझ्या मते मोठा तोटा हा दुसरा आहे. ज्याला माहिती आहे त्याच्या हातात काहीच नाही.

मग कॉन्फिगमधून सर्व्हिस उभी राहते कशी

गावात नळ कनेक्शन घेतो तेव्हा काय होतं ते आठवा. टाकी एक, पाईप टाकायची पद्धत एक, प्लंबर एक. तुम्ही अर्ज देता, अर्जावर नाव, घर नंबर, पाईप अर्धा इंची की पाऊण इंची. एक अर्ज आला की एक कनेक्शन. अर्ज नाही तर कनेक्शन नाही. पाईपचा साईज बदलायचा अर्ज दिला तर फक्त तुमच्या घरासमोर खोदतात, गल्लीचं पाणी बंद करत नाहीत. कनेक्शन बंद करा म्हटलं तर तेवढंच कापतात.

सॉफ्टवेअरमध्ये त्या प्लंबरला फॅक्टरी म्हणतात. इथे कारखाना असा अर्थ डोळ्यासमोर आणू नका, मागणी आली की एक नग करून देणारा एवढाच अर्थ. आणि अर्ज म्हणजे कॉन्फिग फाईल. आप्पांच्या तिसऱ्या चेंबरचा अर्ज साधारण असा आहे:

नाव = चेंबर ३
लाईन = मुख्य
पत्ता = ३
तापमान = १६.५
अलार्म खाली = १४
अलार्म वर = १९

एवढ्याच सहा ओळी, अशा सात फाईली, आणि कोड एकच. अलार्मची दुरुस्ती एका जागी केली की सातही चेंबरला लागली.

हे सगळं शिस्तीत करणारी जी जुनी पद्धत आहे तिचं नाव ओएसजीआय. १९९९ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन ती सुरू केली, जावा भाषेसाठी. घरात एक छोटा डबा असेल आणि त्यात वेगवेगळ्या सर्व्हिस घालता काढता येतील, डबा बंद न करता, अशी मूळ कल्पना होती. पुढे २००४ मध्ये एक्लिप्स हे प्रोग्रामरांचं टूल त्याच पायावर आलं आणि मग ती बऱ्याच ठिकाणी पसरली. त्यात कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिन नावाचा एक भाग असतो, तो सगळे अर्ज सांभाळतो. एक फोल्डर ठरवून दिलेला असतो, त्यात फाईल पडली की पहारा देणारा प्रोग्राम ती वाचतो, कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिनला देतो, तो बघतो की हा अर्ज कुठल्या फॅक्टरीसाठी आहे, आणि त्या जातीचा एक नवीन इन्स्टन्स उभा राहतो, या सहा ओळी त्याच्या हातात देऊन. मग तो इन्स्टन्स स्वतःला नोंदवतो, की मी चेंबर ३, ज्याला माझं तापमान पाहिजे त्याने मला विचारा. स्क्रीनवर दाखवणारं मॉड्यूल त्या नोंदवहीवर नजर ठेवून असतं, नवीन चेंबर नोंदला की एक चौकोन वाढतो, गेला की कमी होतो. त्याला सात हा आकडा कुठेच माहिती नाही.

तुमच्याकडे विंडोजऐवजी उबंटू असेल तर हेच तुमच्याच लॅपटॉपवर सापडेल. सिस्टीमडी म्हणून कॉम्प्युटरवरच्या सर्व्हिस चालू-बंद करणारा जो प्रोग्राम आहे, २०१० पासूनचा, त्यात सर्व्हिसच्या फाईलच्या नावात ॲट (@) चिन्ह टाकलं की ती साचा बनते, आणि चालू करताना चिन्हाच्या पुढे जे नाव लिहाल त्या नावाचा इन्स्टन्स उभा राहतो. पोस्टग्रेस डेटाबेस टाकून बघा, त्याच्या सर्व्हिसच्या नावात ते चिन्ह दिसेल, त्यापुढे व्हर्जन आणि नाव.

सगळंच सात सात करायचं नसतं

इथे नवीन शिकलेला माणूस हमखास चुकतो, म्हणून थोडं थांबतो.

सातही कंट्रोलर एकाच वायरवर आहेत. मॉडबस नावाची बोली आहे, १९७९ ची, आजही कारखान्यात तीच चालते. एका वायरवर बरीच उपकरणं आणि प्रत्येकाला पत्ता, १ ते २४७ मधला. कॉम्प्युटर विचारतो "तीन नंबर, तुझं तापमान सांग", तीन नंबर बोलतो, बाकी गप्प. म्हणजे एका वेळी एकच बोलणं. आता सात इन्स्टन्सने आपापलं ती वायर उघडायचा प्रयत्न केला तर पहिल्याला मिळेल आणि बाकीच्यांना एरर येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे उत्तरं एकमेकांत मिसळतील. म्हणून वायर सांभाळणारी सर्व्हिस वेगळी आणि ती एकच, सात चेंबर तिच्याकडे रांगेत उभे. कॉन्फिगमधली "लाईन = मुख्य" ही ओळ त्यासाठी आहे, ती सांगते की मला नोंदवहीतली मुख्य नावाची लाईन पाहिजे. उद्या दुसऱ्या शेडमध्ये वेगळी वायर टाकली तर लाईनचा अजून एक इन्स्टन्स, आणि तिकडच्या चेंबरच्या फाईलीत "लाईन = शेड २". आणि मुख्य लाईनच नोंदलेली नसेल तर चेंबर उभे राहत नाहीत, वाट बघतात. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कोण आधी कोण नंतर हे मला लिहावं लागत नाही, ज्याला जे लागतं ते मिळालं की तो आपोआप चालू होतो.

दुसरी चूक माझ्याच हातून झालेली आहे. शेवटचं तापमान मी अशा जागी ठेवलं होतं जी जातीची असते, झाडाची नसते, जावामध्ये त्याला स्टॅटिक म्हणतात. म्हणजे सात चेंबर आणि रीडिंग लिहायला वही एकच, तीही एकाच ओळीची. चार नंबरने लिहिलं की दोन नंबर तेच वाचायचा. टेस्टिंगला एकच फाईल होती त्यामुळे कळलंच नाही, दोन फाईली टाकल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही चौकोनात सारखं तापमान. तेव्हापासून मी पोरांना सांगतो की अनेक इन्स्टन्सचं काही करत असाल तर कमीत कमी दोन वेगवेगळ्या फाईली टाकून तपासा, एकावर कधीच थांबू नका.

तिसरी गोष्ट, मॉड्यूलला स्पष्ट सांगावं लागतं की कॉन्फिग आल्याशिवाय तू उभा राहू नको. ओएसजीआयमध्ये ही सक्ती आपण लिहायची असते, नाही लिहिली तर एकही फाईल नसताना सुद्धा एक इन्स्टन्स रिकाम्या किमती घेऊन उभा राहतो. नवीन कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं आणि स्क्रीनवर बिननावाचा, शून्य अंशाचा एक चेंबर दिसायला लागला तर समजा की हीच सक्ती राहिलीये.

नाव बदललं की जन्म नवीन

प्रत्येक इन्स्टन्सला कायमची एक ओळख लागते, तिला पीआयडी म्हणतात. पूर्वी ओएसजीआयमध्ये फॅक्टरीच्या इन्स्टन्सला सिस्टीम स्वतःच लांबलचक आकडा द्यायची, माणसाला काही अर्थबोध नाही. २०१८ च्या सातव्या रिलीजमध्ये आपल्याला पाहिजे ते नाव देता यायला लागलं, फॅक्टरीचं नाव, मग एक छोटी लाटेसारखी खूण (~), मग आपलं नाव.

यातून एक गोष्ट निघते जी चेंबरवरच्या पोराला समजावून सांगावी लागली. फाईलच्या आतला तापमानाचा आकडा बदलला तर चेंबर तोच राहतो, फक्त नवीन आकड्याने चालतो. पण हे आपलं नाव फाईलच्या नावावरूनच घेतलं जातं, म्हणून फाईलचं नावच बदललं तर सिस्टीमसाठी जुना चेंबर गेला आणि नवीन आला. म्हणून मागच्या रीडिंगचा इतिहास कोणत्या नावाखाली ठेवायचा हे आधीच नीट ठरवा, आणि फाईल काढली तरी इतिहास पुसू नका, व्यापाऱ्याबरोबर मालाच्या क्वालिटीवरून वाद झाला की तोच उपयोगी पडतो.

"पण एक लूप लावला असता तरी झालं असतं की"

हा प्रश्न दर वेळी येतो आणि चुकीचा नाहीये. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. फाईलीत सात ओळी, प्रोग्रामने एकेक वाचायची आणि सात ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येक चेंबरचा एकेक नग, बनवायचे. चेंबर दोन-तीन असतील, कधी बदलणार नसतील, आणि प्रोग्राम बंद करून चालू केला तरी कोणाचं बिघडत नसेल तर खुशाल लूप लावा, मी पण लावतो.

पण चालू असताना एकच बदलायचा असेल तेव्हा लूप अपुरा पडतो. चेंबरमध्ये इथिलीन हा फळ पिकवणारा गॅस साधारण १०० ते १५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) देऊन दिवसभर बंद ठेवतात, मग हवा बदलतात, कार्बन डायऑक्साईड बाहेर काढतात, आणि पुढचे चार-पाच दिवस तापमान हळूहळू उतरवत नेतात. प्रत्येक चेंबर वेगळ्या दिवसावर असतो. चार नंबरचं तापमान १७ वरून १६ करायला सगळं सॉफ्टवेअर बंद केलं तर तेवढा वेळ बाकी सहा चेंबरवर कोणाचं लक्ष नाही. मग तुम्ही लूपमध्ये बदल ओळखायचा कोड घालता, मग एक पडला तर बाकीचे पडू नयेत म्हणून कोड घालता, मग काढून टाकायचा कोड, आणि सहा महिन्यांनी जे तयार होतं ती फॅक्टरीच असते, फक्त कमी तपासलेली.

कोणी कुबरनेटिसचं नाव काढतं, बऱ्याच कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवून सांभाळणारं जे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये गुगलने बाहेर आणलं ते. त्यातही एका प्रोग्रामच्या दहा कॉपी चालवता येतात, पण त्या साधारणपणे हुबेहूब एकसारख्या कॉपी असतात, गर्दी वाढली म्हणून काउंटर वाढवतो तशा, कोणत्याही काउंटरवर गेलं तरी चालतं. आपल्या चेंबरचं तसं नाही, चार नंबरचं काम पाच नंबरकडे देता येत नाही. दोन्ही गोष्टींना इन्स्टन्सच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

"फाईलमध्ये चूक झाली तर सगळं बसेल ना?"

बसू शकतं, आणि हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवत असेल, जगभर विंडोजच्या कॉम्प्युटरवर निळी स्क्रीन आली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं ते प्रकरण, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर. आणि लक्षात घ्या, त्या दिवशी नवीन प्रोग्राम पाठवलेला नव्हता, पाठवली होती कॉन्फिगसारखी एक फाईल. त्यांच्याकडे सुद्धा साचा आणि साच्यापासून बनलेले इन्स्टन्स असंच होतं, शब्द पण तेच. साच्यात रकाने २१ धरलेले, आणि कॉम्प्युटरवरचा कोड माहिती द्यायचा २० रकान्यांची. नवीन फाईलने एकविसावा रकाना वाचायला लावला, तिथे काहीच नाही, आणि सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी आतल्या गाभ्यात चालणारं, त्यामुळे अख्खं मशीनच कोसळलं. फाईल तपासणारा प्रोग्राम होता, पण त्यालाही २१ रकाने मिळतील असंच वाटत होतं. ७८ मिनिटांत त्यांनी फाईल मागे घेतली, तरी जी मशीन पडली त्यांच्यातली कितीतरी माणसाने जवळ जाऊन हाताने उठवावी लागली.

म्हणून कॉन्फिग ही कोडइतकीच जोखमीची वस्तू आहे असं धरून चालावं लागतं. मी आता प्रत्येक इन्स्टन्सला उभा राहायच्या आधी स्वतःची फाईल तपासायला लावतो. सगळे रकाने आहेत का, तापमान १३ ते २० च्या मध्ये आहे का, खालचा अलार्म वरच्यापेक्षा कमी आहे का, हा पत्ता दुसऱ्या कोणी घेतलाय का. काही चुकलं तर तो एकटा उभा राहत नाही, बाकीचे चालू राहतात, आणि काय चुकलं ते मराठीत स्क्रीनवर येतं. आधीची चालू फाईल बाजूला जपून ठेवलेली असते. नवीन काही टाकायचं तर आधी रिकाम्या चेंबरवर टाकतो, मग भरलेल्या. आणि पासवर्ड या फाईलीत ठेवू नका, या फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, मी बघितलंय.

कुठे थांबायचं

कॉन्फिगची चटक लागते. एका चेंबरला दमटपणाचा सेन्सर बसवला की फाईलीत "दमटपणा = हो", दुसऱ्याला पंखा वेगळा की "पंखा = जुना", असं करत करत सहा ओळींच्या साठ होतात आणि कोडमध्ये जिकडे तिकडे हे असेल तर ते. आकडे वेगळे असतील तर कॉन्फिग पुरतं, वागणंच वेगळं असेल तर वेगळं मॉड्यूल करा. कोल्ड स्टोरेजची खोली आणि पिकवायचा चेंबर या दोघांना मी एकाच फॅक्टरीत बसवायचा प्रयत्न केला होता, दोन आठवड्यांनी वेगळं केलं आणि दोन्ही कोड लहान झाले.

दिवाळीनंतर आप्पांनी आठवा चेंबर बांधला. मला कोणी बोलावलं नाही. चेंबरवरच्या पोराने सात नंबरची फाईल कॉपी केली, नाव आणि तापमान बदललं, पण पत्ता ७ च राहिला. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, "चेंबर ८ चालू केला नाही. पत्ता ७ हा चेंबर ७ कडे आहे." त्याने फाईलीत ७ चा ८ केला, कंट्रोलरवर पण ८ टाकला, आणि आठवा चौकोन दिसायला लागला. मला हे कळलं चार दिवसांनी, आप्पांचा फोन आला तेव्हा, तोही दुसऱ्याच कामासाठी होता, तोलकाट्याचं बिल आपोआप निघेल का हे विचारायला.